नागपूर विद्यापीठ आणि गोंदिया जिल्हा : संलग्नता, संशोधन व विद्यार्थी – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

बारावीचा निकाल लागला की गोंदिया जिल्ह्यातील हजारो घरांत एकच प्रश्न उभा राहतो : पुढे कोठे? या प्रश्नाच्या उत्तरात महाविद्यालयाचे नाव येते, शाखेचे नाव येते, शुल्क आणि प्रवासाचा खर्च येतो. विद्यापीठाचे नाव मात्र क्वचितच येते. विद्यार्थ्याच्या लेखी विद्यापीठ म्हणजे परीक्षेचा अर्ज, गुणपत्रिका आणि शेवटी हाती पडणारे पदवी प्रमाणपत्र एवढेच असते. जेथे नवे ज्ञान निर्माण होते ती संस्था म्हणजे विद्यापीठ, ही कल्पना त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. यात दोष विद्यार्थ्याचा नाही. ज्या घडणीतून आपली विद्यापीठे आकाराला आली, त्या घडणीतच या अपरिचयाची कारणे दडलेली आहेत.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ हे गोंदिया जिल्ह्याचे विद्यापीठ होय. ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाने २०२३ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. या विद्यापीठाची जडणघडण, त्याच्या कार्यक्षेत्रात होत गेलेले बदल, त्यातील संशोधनाची परंपरा आणि या सर्वांचा गोंदियासारख्या सीमावर्ती जिल्ह्यातील विद्यार्थ्याशी असलेला संबंध यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. विद्यार्थ्याला विद्यापीठाचा परिचय करून देण्याचे काम प्रत्यक्षात महाविद्यालयातील प्राध्यापकच करीत असतो. म्हणून हा विषय प्राध्यापकवर्गाच्याही चिंतनाचा ठरतो.

विद्यापीठाच्या दोन कल्पना

आधुनिक विद्यापीठाच्या इतिहासात दोन कल्पना स्पष्टपणे दिसून येतात. पहिली कल्पना परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाची. १८३६ मध्ये स्थापन झालेले लंडन विद्यापीठ हे तिचे ठळक उदाहरण. अध्यापन महाविद्यालयांनी करावे, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवावा, परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, अशी ही विभागणी होती. दुसरी कल्पना संशोधन करणाऱ्या विद्यापीठाची. १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाशी ती जोडली जाते. अध्यापन आणि संशोधन ही एकाच व्यक्तीची, एकाच छताखालची कामे आहेत. विद्यार्थ्याने तयार ज्ञान घेऊन थांबू नये, ज्ञान कसे तयार होते हेही पाहावे, असा तिचा आग्रह होता. अमेरिकेत १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने हीच कल्पना स्वीकारली.

१८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडनच्या नमुन्यावर बेतलेली होती. परंतु हा नमुना केवळ भारतातच गेला असे नाही. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १८२७ च्या सनदेने किंग्ज कॉलेज म्हणून आरंभ झालेली ही संस्था १८५० मध्ये धार्मिक नियंत्रणातून मुक्त होऊन टोरांटो विद्यापीठ बनली. १८५३ च्या कायद्याने तिलाही लंडनचाच साचा देण्यात आला. विद्यापीठाकडे परीक्षा राहिल्या आणि अध्यापन युनिव्हर्सिटी कॉलेजकडे गेले. म्हणजे भारतातील पहिल्या तीन विद्यापीठांच्या चार वर्षे आधी टोरांटो त्याच वाटेवर उभे होते. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. १८८७ च्या कायद्याने टोरांटोने आसपासच्या महाविद्यालयांना संघटित करून घेतले आणि अध्यापनाची मोठी जबाबदारी स्वतःकडे घेतली. वैद्यक विद्याशाखा पुन्हा सुरू झाली, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. १९२१-२२ मध्ये याच विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत इन्सुलिनचा शोध लागला आणि त्यासाठी फ्रेडरिक बँटिंग व जॉन मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९२३ मध्ये. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठाचा जन्म झाला.

ही तुलना एका विद्यापीठास मोठे आणि दुसऱ्यास लहान ठरविण्यासाठी नाही. टोरांटोच्या पाठीशी एका संपन्न प्रांताचे अर्थबळ होते. नागपूरच्या पाठीशी वसाहतीच्या सत्तेतील एक मागास मानला गेलेला प्रांत होता. एकाच साच्यातून निघालेल्या दोन संस्थांपैकी एकीने तो साचा मोडला आणि दुसरीच्या बाबतीत तो दीर्घकाळ टिकून राहिला, एवढेच येथे लक्षात घ्यावयाचे आहे.

नागपूर विद्यापीठाची स्थापना

नागपूरचे भोसले राज्य खालसा झाल्यानंतर १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. या प्रांताला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. नागपुरात १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज आणि १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज सुरू झाले. येथील महाविद्यालये प्रथम कलकत्ता विद्यापीठाशी आणि नंतर १८८७ मध्ये स्थापन झालेल्या अलाहाबाद विद्यापीठाशी जोडली गेली. नागपूरच्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका शेकडो मैल दूर तपासली जात होती. परीक्षा घेणारे विद्यापीठ ही कल्पना या प्रांताने किती कोरड्या स्वरूपात अनुभवली असेल, याची यावरून कल्पना येते.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात देशभर विद्यापीठांविषयी नवा विचार सुरू झाला होता. १९१७ मध्ये नेमलेल्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाने, म्हणजेच सॅडलर आयोगाने, केवळ परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठांच्या मर्यादा दाखवून दिल्या होत्या आणि विद्यापीठाने स्वतः अध्यापन करावे यावर भर दिला होता. १९१९ च्या सुधारणांनंतर शिक्षण हा प्रांतिक मंत्र्यांच्या अखत्यारीतील विषय झाला. या पार्श्वभूमीवर १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठाचा कायदा संमत झाला. आरंभी विद्यापीठाशी ६ महाविद्यालये संलग्न होती आणि विद्यार्थिसंख्या ९२७ होती. नागपूरचे ख्यातनाम विधिज्ञ सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू झाले. १९२५ मध्ये विद्यापीठाचे विधि महाविद्यालय सुरू झाले. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले एम. हिदायतुल्ला यांनी या महाविद्यालयात अध्यापन केले होते.

विद्यापीठाच्या घडणीत एका दानाचा उल्लेख आवश्यक ठरतो. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपल्या मृत्युपत्राद्वारे उपयोजित विज्ञान व रसायनाच्या शिक्षणासाठी मोठी रक्कम विद्यापीठास दिली. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. रासायनिक अभियांत्रिकी, तेल तंत्रज्ञान यांसारख्या विषयांत या संस्थेने देशभर नाव मिळविले. परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाला प्रयोगशाळेचे अंग मिळाले ते असे एका नागरिकाच्या दानातून. ही संस्था २०२३ मध्ये स्वतंत्र राज्य विद्यापीठ झाली.

मध्यावरून कडेला : कार्यक्षेत्राचे आकुंचन

गोंदियाच्या दृष्टीने विद्यापीठाच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण भाग म्हणजे त्याच्या कार्यक्षेत्राचे होत गेलेले आकुंचन. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठाचे क्षेत्र पश्चिमेस बुलढाण्यापासून पूर्वेस छत्तीसगडपर्यंत आणि उत्तरेस सागर-जबलपूरपर्यंत पसरलेले होते. बंगाल-नागपूर रेल्वेच्या मुख्य मार्गावरील गोंदिया हे त्या काळी भंडारा जिल्ह्यातील एक वाढते व्यापारी गाव होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरच्या दिशेने अरुंदमापी रेल्वे निघाली, चांद्याच्या दिशेनेही फाटा गेला आणि गोंदिया जंक्शन झाले. नागपूर, रायपूर आणि जबलपूर या तिन्ही दिशांना येथून रेल्वेने जाता येत असे. या तिन्ही ठिकाणची महाविद्यालये एकाच विद्यापीठाची होती. १९३८ मध्ये रायपूरला सुरू झालेले छत्तीसगड महाविद्यालयही त्यांपैकीच. म्हणजे विद्यापीठाच्या नकाशावर गोंदिया त्या वेळी जवळजवळ मध्यभागी होते.

१८ जुलै १९४६ रोजी सागर विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे संस्थापक डॉ. हरिसिंग गौर यांनी पूर्वी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपदही भूषविले होते. हिंदी भाषक महाकोशल भागातील महाविद्यालये हळूहळू नागपूरपासून अलग झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना होऊन विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. राज्यसीमा गोंदियाच्या अगदी जवळून गेली. जबलपूरला १९५६ मध्ये आणि रायपूरला १९६४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठे झाली. रेल्वेचे रूळ जागच्या जागी राहिले; शिक्षणाच्या वाटा मात्र तुटल्या. जे गाव विद्यापीठक्षेत्राच्या मध्यावर होते ते आता त्याच्या पूर्वेकडील टोकावर आले.

त्यानंतरही विभाजन थांबले नाही. १९६९ मध्ये अकोल्यास कृषी विद्यापीठ झाले. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ होऊन वऱ्हाडातील जिल्हे व यवतमाळ तिकडे गेले. १९९८ मध्ये नाशिक येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन वैद्यकीय शिक्षण त्याच्या कक्षेत आले. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ होऊन चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे अलग झाले. २००५ मध्ये विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्यास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे या विद्यापीठाच्या क्षेत्रात आहेत.

क्षेत्र लहान झाल्याने विद्यापीठ जवळ आले, असे वरवर पाहता वाटते. परंतु गोंदियापासून नागपूरचे अंतर पूर्वी होते तेवढेच, म्हणजे सुमारे १३० किलोमीटर, राहिले आहे. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी-मोरगाव येथील विद्यार्थ्यास तर ते आणखी जाणवते. बदलले आहे ते गोंदियाचे स्थान. केंद्राच्या वाटेवरील गाव आणि केंद्राच्या कडेचे गाव यांत जो फरक असतो, तो येथील शिक्षणात गेल्या सहा-सात दशकांत उमटला आहे.

जिल्ह्यातील महाविद्यालयांचा उदय

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या भागातील मॅट्रिक झालेल्या मुलास पुढील शिक्षणासाठी बाहेरगावी जाऊन राहणे भाग होते. ज्यांच्याकडे धानाची मोठी शेती, मालगुजारी किंवा व्यापार होता त्यांनाच हे परवडणारे होते. विडी कामगार, भूमिहीन मजूर, कोळी-ढीवर, गोंड-हलबा यांच्या मुलांसाठी ही वाट बंदच होती. मुलींच्या बाबतीत तर वेगळे सांगावयास नको.

हे चित्र बदलण्यास स्वातंत्र्योत्तर काळात गोंदियात सुरू झालेल्या शिक्षणसंस्थांनी आरंभ केला. मनोहरभाई पटेल (१९०६-१९७०) यांनी स्थापन केलेल्या गोंदिया शिक्षण संस्थेचे कार्य यात अग्रगण्य आहे. संस्थेने शाळांचे जाळे उभारले आणि त्याच्या जोडीला नटवरलाल माणिकलाल दलाल महाविद्यालय, धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय अशी महाविद्यालये सुरू केली. पुढे तालुक्यांच्या ठिकाणी महाविद्यालये निघाली. आमगावचे भवभूती महाविद्यालय, तिरोड्याचे सी. जे. पटेल महाविद्यालय, गोरेगावचे जगत महाविद्यालय, अर्जुनी-मोरगावचे शिवप्रसाद सदानंद जायस्वाल महाविद्यालय, देवरी व सालेकसा येथील मनोहरभाई पटेल महाविद्यालये ही त्यांतील काही नावे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ असून साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८५ टक्के आहे. २०१६ मध्ये गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

या महाविद्यालयांना शासनाच्या शिष्यवृत्त्यांची जोड मिळाली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आर्थिकदृष्ट्या मागास वर्गासाठीची शुल्क सवलत आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध समाजात निर्माण झालेली शिक्षणाची ओढ यांमुळे ज्या घरांत कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, त्या घरांतून पदवीधर बाहेर पडू लागले. गावाजवळच्या महाविद्यालयाने साधलेला हा बदल मोठा आहे. टोरांटोसारख्या मोठ्या संशोधन विद्यापीठाने जे साधले ते संलग्न महाविद्यालयांनी साधले नाही हे खरे. परंतु संलग्न महाविद्यालयांनी जे साधले ते एकाच परिसरात वसलेल्या विद्यापीठास साधणे कठीण होते, हेही तितकेच खरे. सालेकसा तालुक्यातील मुलगी घरी राहून, सायकलने किंवा एस. टी. बसने ये-जा करून पदवी मिळवू शकली, ती या व्यवस्थेमुळेच.

मात्र या व्यवस्थेची किंमतही मोजावी लागली. पदवी जवळ आली. संशोधन दूरच राहिले. पदव्युत्तर विभाग, ग्रंथालये, हस्तलिखित संग्रह आणि सुसज्ज प्रयोगशाळा प्रामुख्याने नागपुरात एकवटल्या. विद्यार्थ्यास विद्यापीठ दिसले ते केवळ वेळापत्रकाच्या आणि निकालाच्या रूपाने.

संशोधनाची परंपरा आणि जिल्ह्याची माती

नागपूर विद्यापीठाकडे संशोधनाची परंपराच नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. विशेष म्हणजे या परंपरेचे काही ठळक टप्पे जुन्या भंडारा जिल्ह्याच्या, म्हणजेच आजच्या भंडारा-गोंदियाच्या, मातीशी निगडित आहेत.

महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी (१८९३-१९८५) हे नागपूरच्या महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक. अध्यापन करता करताच त्यांनी ताम्रपट व शिलालेखांच्या वाचनाचे प्रचंड कार्य केले. कलचुरी-चेदी लेखांचा त्यांचा संग्रह १९५५ मध्ये आणि वाकाटक लेखांचा संग्रह १९६३ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याच्या मालेत प्रसिद्ध झाला. ‘उत्तररामचरित’, ‘मालतीमाधव’ आणि ‘महावीरचरित’ या नाटकांचा कर्ता भवभूती हा पद्मपूरचा रहिवासी. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळील पदमपूर होय, असे मत मिराशी यांनी मांडले. दुर्ग येथे सापडलेल्या एका अपूर्ण वाकाटक ताम्रपटात पद्मपुराचा उल्लेख येतो, त्याचीही सांगड त्यांनी याच स्थानाशी घातली. आमगावच्या महाविद्यालयास भवभूतीचे नाव मिळाले, त्यामागे हा संशोधनाचा इतिहास आहे. त्या महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्या प्रवेशपत्रावरील नाव कोठून आले हे सांगितले, तर संशोधन म्हणजे काय याचा पहिला धडा त्यास तेथेच मिळू शकतो. एक नाव, एक ताम्रपट, नाटकाच्या प्रस्तावनेतील एक उल्लेख आणि प्रत्यक्ष भूगोल यांचा मेळ घालून निष्कर्ष कसा काढला जातो, हे त्याला आपल्याच गावाच्या उदाहरणावरून कळते.

दुसरा टप्पा पवनीचा. वैनगंगेच्या काठावरील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या उत्खननात जगन्नाथ टेकडी येथे प्राचीन स्तूपाचे अवशेष उघडकीस आले. विदर्भातील बौद्ध धर्माचा इतिहास किती मागे जातो याचा भक्कम पुरावा त्यातून मिळाला. उत्खननाचा अहवाल १९७२ मध्ये विद्यापीठानेच प्रसिद्ध केला. याच विभागाने माहूरझरी, टाकळघाट-खापा अशा ठिकाणी महापाषाणयुगीन संस्कृतीवर केलेले कामही अभ्यासकांना परिचित आहे.

मराठीच्या क्षेत्रात डॉ. विष्णू भिकाजी कोलते (१९०८-१९९८) यांचे महानुभाव वाङ्मयाचे संशोधन विख्यात आहे. ते १९६६ ते १९७२ या काळात विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. या उदाहरणांवरून एक गोष्ट लक्षात येते. संशोधन झाले ते व्यक्तींच्या आणि काही निवडक विभागांच्या बळावर. संलग्न महाविद्यालयातील सामान्य विद्यार्थी त्याचा सहभागी झाला नाही. पवनीच्या उत्खननाची माहिती इतिहासाच्या ग्रंथांत आली, परंतु त्याच परिसरातील किती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ते स्थळ अभ्यासाच्या दृष्टीने पाहिले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आजचे विद्यापीठ आणि प्रवेशेच्छू विद्यार्थी

बारावीनंतर प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने आज विद्यापीठाविषयी काय जाणून घ्यावे? पहिली गोष्ट म्हणजे त्याचे शिक्षण एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली येत नाही. कला, वाणिज्य, विज्ञान, विधी, शिक्षणशास्त्र या शाखा नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत येतात. वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या या शाखांचे विद्यापीठ नाशिकचे, कृषीचे अकोल्याचे, पशुवैद्यक व मत्स्यविज्ञानाचे नागपूरचे स्वतंत्र विद्यापीठ. ही विभागणी ठाऊक नसल्याने प्रवेशप्रक्रिया, पात्रता परीक्षा आणि शिष्यवृत्ती यांबाबत विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो.

दुसरी गोष्ट, विद्यापीठ म्हणजे केवळ संलग्न महाविद्यालये नव्हेत. नागपूर येथील परिसरात विद्यापीठाचे स्वतःचे पदव्युत्तर विभाग आहेत. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, भूशास्त्र यांसारख्या विज्ञानविषयांबरोबरच प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व, पाली-प्राकृत, आंबेडकर विचारधारा असे विषयही तेथे शिकविले जातात. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन विद्यापीठाच्या परिसरात भरले होते. पदवीच्या तीन-चार वर्षांत एकदाही हा परिसर न पाहिलेला विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणाचा विचार करील, ही अपेक्षा अवास्तव आहे.

तिसरी गोष्ट संशोधनाच्या वाटेची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमाची पुनर्रचना झाली असून महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून लागू झाली. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेण्याची तरतूद त्यात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी उत्तीर्ण होणाऱ्यास थेट आचार्य पदवीच्या प्रवेशासाठी पात्र मानले आहे. आरक्षित प्रवर्गांसाठी त्यात सवलत आहे. २०२४ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षेतील गुणही आचार्य पदवीच्या प्रवेशासाठी विचारात घेण्याची सोय झाली आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीबरोबरच बार्टी, सारथी आणि नागपुरात मुख्यालय असलेली महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या उपलब्ध आहेत. गोंदियासारख्या बहुजनबहुल जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी या योजना निर्णायक ठरू शकतात. परंतु त्यांची माहिती पदवीच्या शेवटच्या वर्षी नव्हे, पहिल्या वर्षी मिळाली पाहिजे.

येथे एक धोकाही संभवतो. चौथे वर्ष आणि संशोधन प्रकल्प कागदावर आले, परंतु ग्रंथालय, नियतकालिके, प्रयोगशाळा आणि पूर्णवेळ मार्गदर्शक नसतील, तर परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाचाच जुना साचा नव्या नावाने पुढे चालू राहील. संशोधन हा आणखी एक ‘पेपर’ होऊन बसेल. प्राध्यापकांच्या रिक्त जागा भरल्याविना आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांस स्थैर्य दिल्याविना या तरतुदींना अर्थ येणार नाही, हे स्पष्टपणे नमूद करणे आवश्यक आहे.

जिल्हा हीच प्रयोगशाळा

मोठ्या संशोधन विद्यापीठाची साधनसामग्री तालुक्याच्या महाविद्यालयात एका रात्रीत येणार नाही. तथापि, संशोधनाची साधने केवळ इमारतीत असतात असे नाही. गोंदिया जिल्हा हा तलावांचा प्रदेश आहे. कोहळी समाजाने व मालगुजारांनी बांधलेल्या तलावांची पाणी वाटपाची रीत हा इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र यांचा समान विषय आहे. नवेगावबांध व नागझिरा यांचे अरण्य २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. महाराष्ट्रातील सारस पक्षी मुख्यत्वे याच जिल्ह्याच्या धानशेतीत आणि पाणथळींत उरले आहेत. सालेकसा तालुक्यातील कचारगड हे गोंडी संस्कृतीचे श्रद्धास्थान असून तेथील यात्रेस अनेक राज्यांतील आदिवासी बांधव येतात. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात १९७० च्या दशकापासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी आणि छत्तीसगढी यांच्या सहवासात येथील मुलांची भाषा घडते. विडी उद्योग, भातगिरण्या आणि रेल्वे जंक्शन यांचा सामाजिक इतिहास सविस्तर लिहिला जाण्याची वाट पाहत आहे.

या विषयांसाठी विद्यार्थ्यास नागपूरला जावे लागत नाही. उलट नागपूरच्या किंवा टोरांटोच्या संशोधकास येथे यावे लागेल. सालेकसाच्या विद्यार्थ्याला गोंडी येते, अर्जुनीच्या विद्यार्थिनीला तलावाच्या पाळीवरचे पाणी केव्हा सुटते हे ठाऊक असते. हे ज्ञान विद्यापीठाच्या भाषेत मांडण्याची शिस्त तेवढी त्यांना हवी असते. मिराशी ही शिस्त घेऊनच ताम्रपटाकडे गेले. तीच शिस्त पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास नोंदवही, मुलाखत, मोजणी आणि संदर्भ यांच्या रूपाने देता येते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. नागपूर विद्यापीठ परीक्षा व संलग्नता यांच्या चौकटीत जन्मले. त्या चौकटीने उच्च शिक्षण तालुक्यापर्यंत नेले. परंतु संशोधन मुख्यालयातच राहिले. १९४६ ते २०११ या काळात विद्यापीठाचे क्षेत्र क्रमाने लहान होत गेले आणि त्याच ओघात गोंदिया मध्यावरून कडेला आले. विद्यापीठातील थोर संशोधकांचे काही महत्त्वाचे कार्य या भागाच्या मातीशी निगडित असूनही येथील विद्यार्थी त्या परंपरेपासून बहुतांशी अनभिज्ञ राहिला.

नव्या अभ्यासक्रम रचनेने ही दरी कमी करण्याची संधी दिली आहे. तिचा लाभ होईल की नाही, हे शासनाच्या तरतुदींवर जेवढे अवलंबून आहे तेवढेच महाविद्यालयाच्या दैनंदिन व्यवहारावरही आहे. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यास शुल्काच्या तक्त्याबरोबर विद्यापीठाचा इतिहास, त्याचे विभाग, अधिछात्रवृत्त्या आणि संशोधनाच्या वाटा यांची माहिती मिळावी. पहिल्या दोन सत्रांत एकदा तरी विद्यापीठाचा परिसर व ग्रंथालय त्याने पाहावे. आणि त्याचा पहिला अभ्यास प्रकल्प त्याच्या स्वतःच्या गावाविषयीचा असावा. १९२३ मध्ये ९२७ विद्यार्थ्यांसह सुरू झालेल्या विद्यापीठाच्या दुसऱ्या शतकात देवरी-सालेकसाच्या विद्यार्थ्याने विद्यापीठाकडे केवळ पदवी मागू नये, आपल्या परिसरातून त्याला काही नवे ज्ञानही द्यावे. तसे घडले तर संलग्नता या शब्दाला कायद्यातील अर्थापलीकडचा अर्थ लाभेल.